रोग घराचा, औषध एकट्याचे

मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने सर्वत्र हाहाकार उडवला असताना, गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी एक घोषणा केली. अठरा वर्षांवरील प्रत्येक नागरिकास, लक्षणे असोत वा नसोत, आयव्हरमेक्टिन या औषधाच्या गोळ्या पाच दिवस देण्यात येतील, अशी ती घोषणा होती. हे औषध कोरोनावर केवळ संशोधनाच्या चौकटीतच वापरावे, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने त्याआधी मार्चमध्येच दिला होता. तरीही त्या काही महिन्यांत या गोळीला देशभर जी मागणी आली, ती भल्याभल्या औषधांच्या वाट्याला कधी आली नसेल. सुशिक्षित घरांतून तिची पाकिटे साठवली गेली. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती अगत्याने देण्यात आली. पुढे सप्टेंबरमध्ये कोरोनाविषयक केंद्रीय मार्गदर्शक सूचनांतून तिचे नाव वगळण्यात आले, मोठ्या चाचण्यांतूनही तिची निरुपयोगिता स्पष्ट झाली, आणि लोक तिला विसरले.

या साऱ्या धामधुमीत एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. ही गोळी मुळात कशासाठी आहे? हिच्या शोधाबद्दल विल्यम कॅम्बेल आणि सातोशी ओमुरा या दोन शास्त्रज्ञांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते काही कोरोनासाठी नव्हे. ज्या परोपजीवींच्या रोगांवर ती खरोखर गुणकारी आहे, त्यांतला एक आपल्या अगदी परिचयाचा आहे. त्याचे नाव खरूज. ज्या रोगावर गोळी चालत नाही त्यासाठी आपण ती घरोघर वाटावयास निघालो. ज्या रोगावर ती हमखास चालते तो रोग अंगावर घेऊन खेड्यापाड्यांतील मुले अद्याप रात्र रात्र जागत आहेत. 

खरजेवर वृत्तपत्रात लेख लिहावा, याचे काही वाचकांना हसू येईल. आपल्या भाषेने या रोगाची टवाळीच केली आहे. ‘खरजुल्या’ हा शब्द शाळेच्या पटांगणात शिवी म्हणून वापरला जातो आणि लूत भरलेल्या कुत्र्याची उपमा माणसाला सहज दिली जाते. ज्याला खरूज झाली तो ती लपवतो, आणि लपवल्यामुळे ती इतरांना देतो. तथापि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे कोणत्याही एका दिवशी जगातील २० कोटींहून अधिक लोक या रोगाने पछाडलेले असतात. २०१७ साली या संघटनेने खरजेचा समावेश उष्ण कटिबंधातील उपेक्षित रोगांच्या यादीत केला. ‘उपेक्षित’ हे विशेषण इतके चपखल क्वचितच लागू पडले असेल.

तीन ट्यूबा

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकास मुलांच्या एका वसतिगृहात दोन रात्री काढण्याचा प्रसंग आला. जेवणे आटोपली, दिवे मालवले गेले, मुलांची कुजबुज थांबली. आणि मग त्या लांबट खोलीत एक वेगळाच आवाज सुरू झाला. प्रथम वाटले, उंदीर काही कुरतडत आहेत. थोड्या वेळाने उलगडा झाला. चाळीसएक मुले झोपेत आणि अर्धवट झोपेत आपली अंगे खाजवीत होती. पांघरुणाच्या उबेत खरजेची खाज वाढते हे पुस्तकात वाचलेले होते. ते त्या रात्री कानांनी ऐकले.

सकाळी गृहपालांना विचारले. मनुष्य सज्जन होता. उडवाउडवी न करता त्याने कपाट उघडून दाखवले. आत मलमाच्या तीन ट्यूबा होत्या, त्यांतली एक अर्धी पिळलेली. “ज्याला जास्त असेल त्याला लावतो, सर,” तो म्हणाला. “पंधरा दिवस बरं असतं. मग पुन्हा सुरू.” त्याच दिवशी वर्गात पहिल्या तासाला पेंगणाऱ्या एका मुलाला उभे करण्यात आले. मास्तरांचेही चुकले असे कसे म्हणावे? मुलगा रात्री का झोपला नाही, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

गृहपालांचे ‘पंधरा दिवस बरं, मग पुन्हा सुरू’ हे वाक्य म्हणजे खरजेबाबतच्या आपल्या साऱ्या व्यवहाराचा सारांश आहे. औषधात खोट नव्हती. चूक होती ती, ज्याला जास्त त्यालाच लावायचे, या वरकरणी शहाणपणाच्या हिशेबात. ती चूक का, हे समजण्यासाठी या किड्याची रीत थोडी समजून घ्यावी लागते.

खरजेचा किडा आठ पायांचा असतो. मादीची लांबी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. ती कातडीच्या अगदी वरच्या थरात वळणावळणाचा बोगदा पोखरते, त्यात रोज दोन-तीन अंडी घालते आणि महिना-दीड महिना जगते. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात व सुमारे दोन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. बोटांच्या बेचक्या, मनगटे, काखा, कंबर, बेंबीचा भोवताल, गुह्यांग या तिच्या आवडीच्या जागा. तान्ह्या मुलांत तळहात, तळपाय आणि डोकेही. आश्चर्याची गोष्ट अशी की, सर्वांगाला आग लागावी तशी खाज सुटलेल्या माणसाच्या अंगावर प्रौढ किडे बहुधा १० ते १५ एवढेच असतात. ती खाज किडा चावल्याची नसतेच. किडा, त्याची अंडी व विष्ठा यांविरुद्ध शरीर जो प्रतिकार उभारते, त्या प्रतिकाराची ती खाज असते.

या एकाच गोष्टीतून पुढचा सारा घोटाळा निर्माण होतो. शरीराला हा प्रतिकार उभारण्यास, रोग पहिल्यांदाच होत असेल तर, चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे ज्या मुलाला आज अजिबात खाज नाही, त्याच्या अंगावर महिनाभर किडे असू शकतात आणि तो आपल्या शेजारी निजणाऱ्याला ते देऊ शकतो. ‘ज्याला जास्त’ त्याला मलम लावून आपण त्याला किडामुक्त करतो आणि त्याच रात्री पुन्हा त्याच चटईवर निजवतो. आता मात्र शरीर किड्याला ओळखू लागलेले असल्याने त्याला चार दिवसांतच खाज सुटते. मग आपण म्हणतो, औषधाला गुण नाही.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. औषधाने सर्व किडे मेले तरी त्यांचे अवशेष कातडीत उरतात आणि खाज आणखी दोन ते चार आठवडे रेंगाळते. ही गोष्ट रुग्णाला कोणी समजावून सांगत नाही. मग आई घाबरून रोज मलम चोपडते, कातडी कोरडी पडून अधिकच खाजते, आणि शेवटी ती औषधांच्या दुकानदाराकडे ‘काहीतरी जालीम द्या’ म्हणून जाते. तेथून घरी येते ते बहुधा स्टेरॉइड मिसळलेले मलम. खाज दोन दिवसांत जादूसारखी थांबते, कारण स्टेरॉइड शरीराच्या प्रतिकारालाच गप्प करते. किडा मात्र निर्वेधपणे वाढत राहतो आणि पुरळ असे रूप बदलते की पुढे डॉक्टरलाही चटकन ओळखू येऊ नये. यांतील अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र शासनाने २०१८ साली केला. हा नियम किती दुकानांत पाळला जातो, हे वाचकांनी आपल्याच गल्लीत पाहावे.

कोणी म्हणेल, खाजच ना, माणूस काही मरत नाही. हा समज भाबडा आहे. नखांनी ओरबाडलेल्या कातडीत जंतू शिरतात, पुळ्या पिकतात, फोड चिघळतात. या जंतूंपैकी स्ट्रेप्टोकोकस जातीचे जंतू काही मुलांच्या मूत्रपिंडांना दाह उत्पन्न करतात. सकाळी चेहरा सुजलेला, लघवी लालसर, असे मूल दवाखान्यात येते तेव्हा त्याच्या बोटांच्या बेचक्यांकडे पाहण्याचे कोणाला सुचतेच असे नाही. पॅसिफिक महासागरातील सॉलोमन बेटांपैकी पाच लहान बेटांवर खरजेचा सामुदायिक बंदोबस्त करण्यात आला, त्याचा वृत्तांत २००५ साली प्रसिद्ध झाला. तेथील मुलांतील खरजेचे प्रमाण २५ टक्क्यांवरून एका टक्क्याच्याही खाली आले, आणि त्याबरोबरच मुलांच्या लघवीत रक्त सापडण्याचे प्रमाणही उतरले.

बायकांची सुई

माणसाच्या ज्या रोगांचे नेमके कारण डोळ्यांनी पाहून सिद्ध करण्यात आले, त्यांत खरूज अगदी पहिल्या काही रोगांत मोडते. १६८७ साली इटलीतील बोनोमो या वैद्याने फ्रान्चेस्को रेडीला लिहिलेल्या पत्रात हा किडा वर्णन केला. त्याला ते सुचले कसे? गरीब बायका आपल्या मुलांच्या हातावरच्या पुळ्यांतून सुईच्या टोकाने काहीतरी काढून टाकतात, हे त्याच्या पाहण्यात आले होते. विद्वानांनी मात्र हे मानले नाही. रक्तातील दोषाने खरूज होते, हाच समज पुढे दीडशे वर्षे चालू राहिला. अखेर १८३४ साली पॅरिसमध्ये रेनुची नावाच्या कॉर्सिकन विद्यार्थ्याने भर रुग्णालयात सुईने किडा काढून दाखवला. ती युक्तीही तो आपल्या बेटावरील गरीब बायकांकडून शिकला होता. म्हणजे गरिबांच्या बायकांना जे ठाऊक होते ते वैद्यकशास्त्राच्या गळी दोनदा उतरवावे लागले. आपल्याकडेही आयाबायांच्या अनुभवाला दवाखान्यात किती किंमत मिळते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

अस्वच्छतेचा जो कलंक या रोगाला चिकटला आहे, तोही तपासून पाहिला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये खरजेचा मोठा फैलाव झाला आणि सरकारने लोकांच्या अंथरूण-पांघरुणाच्या निर्जंतुकीकरणाचा खटाटोप आरंभला. केनेथ मेलॅनबी या कीटकशास्त्रज्ञाने शेफील्ड येथे काही तरुणांच्या संमतीने प्रयोग केले. हे तरुण सदसद्विवेकबुद्धीने शस्त्र धरण्यास नकार देणारे होते. त्यांनी खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले आतले कपडे अंगात घातले, त्यांच्या घोंगड्यांत उघड्या अंगाने झोपले. फारच थोड्यांना लागण झाली. खरूज पसरते ती मुख्यत्वे अंगाला अंग बराच वेळ लागल्याने, हे त्यावरून स्पष्ट झाले. किडा माणसापासून दूर झाला की बहुधा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. तेव्हा गाद्या जाळण्याचे, मुलाला घासून घासून रक्त काढण्याचे काही कारण नाही. रोज आंघोळ करणाऱ्यालाही खरूज होते, कारण कातडीच्या आत बसलेला किडा साबणाने धुतला जात नाही. नेदरलँडसारख्या संपन्न देशात गेल्या दशकभरात खरूज वाढली ती मुख्यतः विद्यार्थी वयाच्या तरुणांत. ब्रिटनमध्ये २०२३ साली तर खरजेच्या औषधांचाच तुटवडा पडला. गर्दी आणि एकत्र निजणे ही खरी कारणे आहेत. आपल्याकडे ती गरिबांच्या वाट्याला अधिक येते, कारण एका चटईवर तीन मुले निजतात ती गरिबाच्या घरी.

औषधांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ती लावण्याच्या रीतीतच बहुतेकांची चूक होते. पाच टक्के पर्मेथ्रिनचे मलम गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांच्या कडा व बेचक्या न वगळता, रात्री लावावे आणि आठ ते चौदा तासांनी धुवावे. आठवड्याने पुन्हा एकदा तसेच करावे. फक्त पुरळावर लावणे म्हणजे औषध वाया घालवणे होय. लहान अर्भकांत डोके व कपाळही वगळू नये. बेंझिल बेंझोएट जुने आणि स्वस्त आहे, पण त्याने आग होते. मुले ते लावताना पळतात. आपल्या आज्यांच्या परिचयाचा गंधक आजही बाद झालेला नाही. गंधकाचे मलम लागोपाठ तीन रात्री लावावे लागते, त्याला वास येतो, कपडे डागाळतात. परंतु अगदी तान्ह्या बाळासाठी व गर्भवतीसाठी डॉक्टर आजही त्याचा आधार घेतात. आयव्हरमेक्टिनची गोळी वजनाच्या हिशेबाने, आठवडा ते दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा घ्यावयाची असते. गर्भवतींना आणि १५ किलोंहून कमी वजनाच्या मुलांना ती देत नाहीत. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याखेरीज ती घेऊ नये. खाजेपुरता उतार पडावा म्हणून रात्रीची अॅलर्जीची गोळी, कॅलामाइन, कापलेली नखे यांचा उपयोग होतो. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने बरे वाटते. मात्र त्यावर विसंबून राहू नये. रॉकेल किंवा शेतातले फवारणीचे औषध अंगाला लावण्याचे प्रकार तर प्राणघातक ठरू शकतात.

हे सर्व ठीक. पण खर्चाचे काय? एका प्रौढाला एका वेळी सुमारे ३० ग्रॅम मलम लागते. नवरा, बायको, म्हातारी आई आणि तीन मुले, असे सहा जणांचे कुटुंब घ्या. मुलांना अर्धे धरले तरी एका रात्रीला १३५ ग्रॅम आणि दोन रात्रींना २७० ग्रॅम. दवाखान्यातून हाती पडते ती ३० ग्रॅमची एक ट्यूब, केसपेपरवर नाव असलेल्या एकट्या मुलासाठी. डॉक्टर ‘घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावा’ असे सांगतातही. परंतु बाकीची मलमे विकत आणायची म्हणजे मजुरीच्या कुटुंबाला किराणा की मलम असा निर्णय करावा लागतो. मग आई ती एक ट्यूब सहा जणांत पुरवून लावते. रोग साऱ्या घराचा आणि औषध एकट्याचे, अशी ही विसंगती आहे.

फिजीतील पुरावा

ही विसंगती दूर केली तर काय घडते, याचा पुरावा फिजी बेटांनी दिला आहे. तेथे २०१२ साली सुरू झालेल्या एका प्रयोगात तीन वस्त्यांची तुलना करण्यात आली. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. एका वस्तीत नेहमीप्रमाणे ज्याला खरूज त्याला व त्याच्या निकटवर्तीयांना मलम दिले. वर्षभराने खरजेचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आले. दुसरीत सर्वांनाच मलम दिले. ते ४२ वरून १६ वर आले. तिसरीत सर्वांना आयव्हरमेक्टिन दिले. तेथे ३२ टक्क्यांचे २ टक्केही उरले नाहीत. मलम अंगभर चोपडून रात्रभर बाळगावे लागते. गोळी कार्यकर्त्यासमोर गिळता येते. तिन्ही वस्त्यांतील फरकाचे एक कारण या साध्या गोष्टीतही असावे. फिजीने पुढे हा कार्यक्रम देशव्यापी केला. जेथे खरजेचे प्रमाण १० टक्के वा अधिक आहे तेथे असे सामुदायिक औषधवाटप करावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी २०१९ साली केली.

आपल्याला हे न पेलणारे आहे काय? मुळीच नाही. हत्तीरोगाच्या निर्मूलनासाठी नागपूर जिल्ह्यात २०१९ साली तीन औषधांचा एकत्र डोस घरोघर जाऊन देण्यात आला, आणि त्या तिहींपैकी एक आयव्हरमेक्टिनच होते. म्हणजे ही गोळी लाखो लोकांना वजन-उंचीच्या हिशेबाने, गर्भवती व लहान मुले वगळून, कशी द्यावी हे विदर्भातील आशा सेविकांना अनुभवाने ठाऊक झाले आहे. २०२२ साली तिचा समावेश देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीतही झाला. दुसऱ्या बाजूस, २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी होते, आणि त्यात शोधावयाच्या विकारांत खरजेचे नाव छापलेले आहे. गोळी आहे, वाटणारे हात आहेत, तपासणारे पथक आहे. परंतु पथकाला शाळेत खरूज सापडली तर ते मुलाला दवाखान्यात पाठवते. त्याच्या घरापर्यंत जात नाही. 

सर्व जिल्ह्यांत गोळ्यांची खैरात करावी, असे येथे सुचवावयाचे नाही. अकारण वाटलेले औषध पुढे बोथट होते. युरोपातून पर्मेथ्रिनला दाद न देणाऱ्या खरजेच्या तक्रारी येऊ लागल्याच आहेत. आरंभ आश्रमशाळा व वसतिगृहे यांपासून करावा. तेथे मुलांची यादी आहे, वजने नोंदलेली आहेत, निजण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. जून महिन्यात मुले परततात त्याच आठवड्यात तपासणी व्हावी. दहा मुलांमागे एकाला जरी खरूज आढळली, तरी सर्व मुलांना, आणि स्वयंपाकी, शिपाई, गृहपाल यांनाही, वैद्यकीय देखरेखीखाली एकाच रात्री औषध द्यावे व दोन आठवड्यांच्या आत दुसरा डोस व्हावा. दुसऱ्या सकाळी चादरी-कपडे गरम पाण्यात धुवून उन्हात टाकावेत. जे धुता येत नाही ते आठवडाभर पिशवीत बांधून ठेवावे. ज्या मुलाच्या घरी खरूज असल्याचे कळेल, त्याच्याबरोबर सुटीत घरी जाताना घरातील माणसांच्या संख्येइतके औषध पाठवावे. दवाखान्यातही केसपेपरवर एका नावाऐवजी घरातील माणसांचा आकडा लिहून त्याप्रमाणे मलम देण्याचा अधिकार वैद्यकीय अधिकाऱ्यास मिळावा. याला नवे खाते लागत नाही, नवी इमारत लागत नाही. खरेदीचा हिशेब तेवढा बदलावा लागतो.

शिक्षकांकडून एक अपेक्षा आहे. पहिल्या तासाला मूल पेंगत असेल तर त्याला उभे करण्याआधी जवळ बोलावून त्याची बोटे पाहावीत. वर्गासमोर नव्हे, बाजूला, व्हरांड्यात. आणि पालकांना निरोप धाडताना त्यात मुलाचे एकट्याचे नाव लिहू नये. घरात किती माणसे निजतात, एवढेच विचारावे.